साडूच्या दातातला पाना

आमच्या कारखान्यात हाक मारायची पद्धत नव्हती. फेकून मारायची होती.

त्याचं कारण म्हणजे मोठा घण. हातात धरायचा घण नव्हे; दोन मजले उंचीचं धूड. पेडलवर पाय पडला की वरून लोखंडाचा ठोकळा सुटायचा आणि खाली साच्यात ठेवलेल्या लालभडक लोखंडी कांडक्याचा एका दणक्यात क्रेनचा आकडा व्हायचा. त्या दणक्यासरशी दोन गल्ल्यांपलीकडच्या न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर बोटभर सरकायचा. त्याची सगळी गिऱ्हाइकं एकाच गालावर व्रण असलेली. परगावी भेटली की व्रणावरूनच ओळख पटायची. खोटं वाटत असेल तर माझा डावा गाल बघा.

अशा जागी तोंडातला शब्द दातांबाहेर पडण्याआधीच चेंदून जायचा. म्हणून कुणाला बोलवायचं तर काहीतरी फेकायचं. पाठीत नट बसला तर जेवायला चल. बोल्ट बसला तर मालक आलाय. सांडशी येऊन आदळली तर मागे न बघता पळ. यात रागलोभ काही नसे, ती आमची बोलीच होती. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात टाके पडायचे, दुसऱ्या आठवड्यात भाषा यायची. आमच्या मुकादमाच्या टकलावर इतकी टेंगळं होती की त्याच्या मापाची टोपी बाजारात मिळत नसे.

घण चालवणाऱ्याला सगळे तोफ म्हणायचे. पेडल त्याचं. दुसऱ्या कुणाचा पाय चुकून जरी त्यावर पडला तरी तोफ त्या माणसाची गचांडी धरून त्याला पाण्याच्या पिंपात बसवायचा, आणि पाण्यात नुकतंच तापलं लोखंड विझवलेलं असलं तर तो त्याचा दोष नसायचा. त्याच्यासमोर सांडशीनं साच्यात लोखंड धरायचा तो त्याचा साडू. तोफेची बायको थोरली बहीण, ह्याची धाकटी. ह्याला आम्ही चिमटा म्हणायचो. एकदा पकडलं की सोडायचं नाही, मग ते लोखंड असो, शब्द असो की समोरच्याची मान.

तोफेचे कान आधीपासूनच यथातथा. डावा लहानपणापासून वाहायचा. उजव्यात एकदा घणाखालून उडालेली लोखंडाची तापलेली खपली शिरली आणि पडदा जाळून आत गेली. कानातून धूर निघताना आम्ही पाहिला. तोफ म्हणाला, बरं झालं, साफ झाला. त्यानंतर त्याला काहीही ऐकू येईना, आणि ऐकू येत नाही हे म्हणणाऱ्याला तो मारायचा. त्याच्या मते लोकच हल्ली हळू बोलायला लागले होते.

बायको घरात त्याला हाक मारायला बत्त्यानं जमिनीवर ठोका द्यायची. तो त्याला तळपायातून कळायचा. एक ठोका म्हणजे पान वाढलंय. भांडण असलं तर मात्र बत्ता जमिनीवर पडत नसे. तिनंच खटपट करून कानात घालायचं नेहमीचं मशीन आणवलं. वाहत्या कानात त्याचं बूच बसल्यावर कान आणखी सडला, आणि मशीन घालून तोफ घणापाशी उभा राहिला तेव्हा पहिल्याच दणक्याला तो गुरासारखा हंबरला. मशीन उपटून त्यानं घणाखाली ठेवलं आणि पाय दिला. ते इतकं पातळ झालं की मुकादम बरेच दिवस त्यातून पलीकडचं बघायचा.

आणि मग तो दिवस आला. कांडकं साच्यात वाकडं बसलं होतं. चिमट्यानं ते सरळ करायला सांडशी आत घातली, ती अडकली, उजवा हात घसरून साच्याच्या काठावर गेला. तोफेचा पाय खाली गेला. घण सुटला. सांडशी एकीकडे उडाली, चिमटा दुसरीकडे. त्याची तीन बोटं कुठेच उडाली नाहीत. शोधायला कुणी वाकलं नाही, कारण शोधण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या आकड्यावर आजही कुठल्यातरी गोदीत माल उचलला जात असेल.

चिमटा म्हणत होता, मी हाक मारली होती. तोफ म्हणत होता, मारली असती तर मी ऐकली नसती का? त्यानं खुणावलंच नाही, साधा एक नट फेकला नाही, स्वतःच्या गाफीलपणानं बोटं घालवली आणि आता माझ्यावर ढकलतोय. हे तो चहाच्या दुकानात, रस्त्यात, सासुरवाडीत, सगळीकडे सांगत सुटला. आणि तोफेनं एखादी गोष्ट सांगितली की ती अख्ख्या वस्तीला सांगितल्यासारखीच, कारण हळू बोलणं त्याला माहीत नव्हतं.

चिमटा इस्पितळातून सुटला तो घरी न जाता सरळ कारखान्यात आला. हाताला पट्टी तशीच. डाव्या हातानं सांडशी उचलून त्यानं तोफेच्या बरगड्यांवर घातली. दोन मोडल्या. तोफेनं त्याला कमरेला धरून उचललं आणि मालकाच्या केबिनच्या काचेतून आत पोचवलं, मालकाच्या टेबलावर, पाटी टाकल्यासारखं. तिकडे नळावर दोघी बहिणींची जुंपली. घागरी चेपल्या, थोरलीचा दात पडला आणि धाकटीच्या डोक्यावर ओंजळभर जागा रिकामी झाली. त्यांच्या आईनं मध्ये पडायचा प्रयत्न केला, आणि मग ती दोघींशी वेगवेगळी लढली.

काचेचे तुकडे अंगावरून झटकता झटकता मालकानं ठरवलं की आता भोंगा बसवायचा. धोका दिसला की सांडशीवाल्यानं पायाखालचं बटण दाबायचं, भोंगा वाजला की घणवाल्यानं पेडलवरून पाय काढायचा. मुकादमानं सुचवलं की भोंग्याऐवजी लाल दिवा लावा. मालकानं त्याला घणापाशी नेऊन सगळीकडे उडणाऱ्या ठिणग्या दाखवल्या आणि विचारलं, यातला दिवा कुठला? तेव्हा भोंगाच. ज्याला घणाच्या आवाजात भोंगा ऐकू येईल त्याचाच पाय पेडलवर. चार महिन्यांनी परीक्षा.

चिमटा पुढे झाला आणि म्हणाला, “माझे कान शाबूत आहेत. आणि पाय द्यायला तीन बोटं लागत नाहीत.”

हे तोफेला मुकादमानं हातवारे करून समजावलं. तोफेनं जवळची ऐरण उचलली, परत ठेवली आणि घरी गेला. त्या दिवशी बायकोनं पाच ठोके दिले तरी तो पानावर आला नाही. घण गेला तर ह्या माणसाचं काय उरणार, हे त्या बाईला आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं. दुसऱ्या दिवशी तिनं त्याची कॉलर धरली आणि त्याला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं.

बाई चिमणीएवढ्या. तोफेचा कान बघायला त्या स्टुलावर चढल्या. कानाला हात लागताच तोफेची मूठ उठली. बाईंनी त्या मुठीवर चापट मारून ती खाली बसवली. मग त्यांनी एक दोन पायांचा पोलादी काटा गुडघ्यावर आपटला आणि त्याचा दांडा तोफेच्या कपाळावर टेकवला.

तोफ जागच्या जागी गोठला. त्याला ऐकू आलं होतं. मधमाशीसारखं, डोक्याच्या मधोमध.

त्यानं तो काटा हिसकावून घेतला आणि द्यायलाच तयार होईना. बाहेर बसलेल्या सगळ्या रोग्यांच्या कपाळांवर तो टेकवत फिरला. दोघेजण तेवढ्यावरच बरे होऊन घरी गेले, असं त्याची बायको सांगते. ती माझ्यासारखी नाही, खोटं बोलत नाही.

बाईंनी समजावलं ते साधं होतं. आतलं यंत्र ठीक आहे, दार मोडलंय. दारातून जाता येत नसेल तर भिंतीतून जायचं, म्हणजे हाडातून. दोन उपाय. एक, डोक्याला पट्टा बांधायचा. त्यावरचं छोटं मशीन कानामागच्या हाडावर दाबून बसतं आणि आवाज हाडात सोडतं. कापाकापी नाही. दुसरा, कानामागे कवटीत बारीकसा स्क्रू बसवायचा आणि हाडानं तो धरला की त्यावर मशीन अडकवायचं.

पट्टा बघून तोफ म्हणाला, हा पोरीबाळींनी केसांना लावावा. बोल्ट बसवा.

बसवला. त्याच्या कवटीवर ड्रिलची पाती बोथट झाली आणि शेवटी बाईंनी आमच्या कारखान्यातून पातं मागवलं, असं मी सगळीकडे सांगतो. बाई ते नाकारतात. काही असो, स्क्रू बसला. पण मशीन लगेच अडकवायचं नव्हतं. हाड स्क्रूभोवती वाढून तो घट्ट धरेपर्यंत थांबायचं, आणि त्याला बोट लावायचं नाही. हे बाईंनी बायकोला बजावलं, बायकोनं त्याला खाणाखुणा करून, त्याच्या कानामागे बोट नेऊन आणि मग त्याच बोटावर फटका मारून नीट समजावलं. त्याला समजलं. पटलं मात्र नाही.

“हाड म्हणे आपोआप पकडतं,” तो मला म्हणाला. “लोखंडाला आपोआप काय पकडतं? गंज.”

आता खरं सांगायचं तर आम्हा कुणालाच पटलं नव्हतं. आमचा कायदा होता की घणाच्या आसपास नवा बोल्ट बसवला तर पहिल्या दिवसाच्या दणक्यांनंतर तो पुन्हा आवळायचा. नाहीतर तो ढिला होतो, उडतो आणि कुणाच्यातरी पोटात सापडतो. तोफ टाके सुकताच कामावर येऊन उभा राहिला होता, आणि दर दणक्याला त्याला स्क्रू थरथरल्यासारखा वाटायचा. जेवणाच्या सुट्टीत सगळा कारखाना त्याच्या मागे उभा राहून कवटीची तपासणी करायचा. सगळ्यांचं एकमत होतं, पाव आटा आवळायला हवा. डॉक्टरीणबाई शिकलेल्या खऱ्या, पण घणाशेजारी बोल्ट कधी बसवलाय त्यांनी?

प्रश्न होता, आवळायचा कुणी. बायकोनं बत्ता दाखवला. मुकादमाचे हात कापायचे. बाकीच्यांना माहीत होतं की दुखलं तर तोफ पहिला गुद्दा पाना धरणाऱ्यालाच घालणार. आणि दुसरा कायदा असा होता की घणाजवळचा प्रत्येक बोल्ट सांडशीवालाच आवळतो. त्याचा जीव त्यावर असतो. दुसऱ्या कुणाचा पाना तोफेनं आजवर चालवून घेतला नव्हता.

म्हणजे चिमटा.

मुकादमानं भीत भीत विचारलं. चिमटा इतका आनंदानं हो म्हणाला की मुकादम दोन पावलं मागे सरकला.

रविवारी दुपारी चिमट्याच्या स्वयंपाकघरात हे झालं. मध्यस्थ म्हणून मुकादम आणि मी. तोफ स्टुलावर बसून गाल टेबलावर टेकवून वाकला. कान वर, कानामागे तो इवलासा चकचकीत खुंट. धाकटीनं भांडी आधीच उचलून ठेवली होती, शहाणी बाई. चिमट्यानं डाव्या हातानं तोफेची मान टेबलावर दाबली आणि तो उजव्या हातानं पाना धरायला गेला. पाना काडीएवढा. अंगठा आणि करंगळीत तो काही केल्या ठरेना. दोनदा निसटला. तिसऱ्यांदा त्यानं आपल्या उरलेल्या हाताकडे पाहिलं, पाना खुंटात बसवला आणि त्याची दुसरी बाजू दातांत पकडली.

दोन्ही तोंडं इतकी जवळ आली होती की दुरून बघणाऱ्याला वाटावं, साडू साडूच्या कानात गुपित सांगतोय.

आणि तो खरंच सांगू लागला. दात आवळलेले, ओठ हलत नव्हते, नुसता घशातून घरघराट. समोरचा बहिरा आहे, मध्यस्थ अर्धबहिरे आहेत, मग कशाला आवरायचं? मला तेव्हा एक अक्षर कळलं नाही. हे सगळं तोफेनं मला पुढे सांगितलं.

“एक आटा उलटा फिरवला की घण माझा,” चिमटा म्हणत होता. “किंवा सुलटा, मेंदूपर्यंत. तुझी बायको रडेल. माझीही रडली होती. हाक मारली होती मी तुला. तीनदा. दोन्ही हात सांडशीला अडकलेले, नट काय नाकानं फेकणार होतो? घसा फाटला माझा. आणि तू माझ्याकडे बघून हसलास. तुला वाटलं, मी गंमत सांगतोय.”

दातांतून पान्यात, पान्यातून स्क्रूत, स्क्रूतून हाडात. तोफेला शब्दन् शब्द पोचला. कित्येक वर्षांनी त्याच्या डोक्यात माणसाचा आवाज शिरला होता, आणि तो हा.

टेबलावर दाबलेल्या चेहऱ्यातला त्याचा वरचा डोळा मोठा होत गेलेला मी पाहिला.

“हसलो होतो मी?” तोफ म्हणाला.

चिमटा दचकला. त्याचे दात पान्यावर कचकन मिटले, डोकं झटक्यानं मागे गेलं आणि पान्यासकट स्क्रू बाहेर आला. त्या झटक्याआधी त्यानं तो फिरवला होता का, उलटा की सुलटा, ते त्याचं त्याला ठाऊक. रक्ताची चिळकांडी भिंतीवरच्या घड्याळापर्यंत गेली. तोफ उठला तो टेबलासकट उठला. टेबल चिमट्यावर, चिमटा कपाटावर, कपाट मुकादमावर. चिमट्यानं तोंडातला स्क्रू थुंकला आणि तोफेच्या दंडाचा लचका तोडला. तोफेनं त्याचं डोकं दारावर आपटलं; दार उघडलं आणि आत दोघी बहिणी आल्या, एकीच्या हातात बत्ता, दुसरीच्या हातात तवा. कोण कुणाला मारतंय याचा हिशेब त्या घरात कुणीच ठेवला नाही. मी टेबलाखाली होतो. तिथेही मार बसत होता.

डॉक्टरीणबाईंनी टाके घातले, पण तोंडातून शब्द काढला नाही. टाके झाल्यावर त्यांनी तो केसांचा पट्टा आणला, तोफेच्या डोक्याला आवळला, मशीन दुसऱ्या बाजूच्या हाडावर बसवलं, चालू केलं आणि मग बोलायला सुरुवात केली. त्याला सगळं नीट ऐकू यावं म्हणून. अर्धा तास त्या बोलल्या. भिंतीवरचे कानाचे तक्ते लाजून वाकडे झाले. नवा स्क्रू इतक्यात नाही, हाड भरून यायला हवं. तोवर हाच पट्टा.

तोफेनं पट्टा ठेवला. मालकानं लोखंडी टोपी घालायला सांगितली होती ती पट्ट्यावरून घातली. घरी जाऊन त्यानं बायकोला म्हटलं, बोल काहीतरी. ती इतकी वर्षं साठलेलं बोलू लागली, आणि तो खाली मान घालून ऐकत राहिला. एरवी अशा वेळी तो ताट भिरकावायचा. त्याच्या डोक्यात ‘तू माझ्याकडे बघून हसलास’ हे एकच वाक्य फिरत होतं, आणि हाडात शिरलेलं वाक्य कानात शिरलेल्या वाक्यासारखं दुसऱ्या बाजूनं निघून जात नाही.

परीक्षेचा दिवस आला. मालकानं भोंगा छपरावर बसवला होता. घण रिकाम्या साच्यावर चालू ठेवला, पेडलवर मुकादम. तोफ आणि चिमटा भिंतीकडे तोंड करून उभे. ऐकू आलं की हात वर करायचा. आम्ही बाकीचे कडेला गोल करून, कारण हरणारा काय करील ते सगळ्यांना माहीत होतं.

मालकानं बटण दाबलं. भोंगा वाजला असणार, कारण छपरावरची कबुतरं उडाली, रस्त्यावरची कुत्री पळत सुटली आणि कुंपणापलीकडे एक म्हातारा सायकलवरून पडला. तोफेचा हात वर गेला. चिमटा उभाच. पुन्हा बटण. तोफेचा हात वर. चिमटा खांबासारखा ताठ, मान उंच, चेहऱ्यावर जिंकणाऱ्याचं तेज. तिसऱ्यांदा मालकानं बटणावर अंगठा दाबूनच धरला. तोफेचा हात वरच राहिला.

मालकानं हातानं घण थांबवायची खूण केली, चालत गेला आणि चिमट्याच्या खांद्याला स्पर्श केला. चिमटा वळला.

“वाजवा की,” तो म्हणाला. “कधीचा थांबलोय.”

कुणी हसलं नाही. आमच्यापैकी तरी कुणाला भोंगा ऐकू आला होता? आम्ही कबुतरं पाहिली होती.

चिमट्यानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग तोफेच्या वर गेलेल्या हाताकडे. त्याला कळत गेलं, हळूहळू, तापलेलं लोखंड गार होताना रंग बदलतं तसं. आणि पूर्ण कळल्यावर त्यानं सांडशी उचलली.

पहिला फटका तोफेच्या खांद्यावर बसला, दुसरा मांडीवर. तोफ पडला नाही आणि मारलंही नाही. तो फटके खात पुढे येत राहिला. काहीतरी पुटपुटत होता, पण ते त्याच्या पट्ट्याला ऐकू येत होतं, चिमट्याला नाही. तिसऱ्या फटक्याला भुवई फुटून डोळ्यात रक्त उतरलं. मग तोफेनं सांडशी धरली, फेकली, डोक्यावरची लोखंडी टोपी उडवली, चिमट्याचं डोकं दोन्ही पंजांत पकडलं आणि आपलं कपाळ त्याच्या कपाळावर आपटलं. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. दोघे खाली कोसळले. आम्हाला वाटलं, संपवला त्यानं साडूला. चार जणांनी तोफेचे पाय धरले, तिघांनी चिमट्याचे, आणि ओढायला लागलो. मुकादम मध्ये पहार घालू बघत होता.

तोफ डोकं सोडेना. कपाळाला कपाळ तसंच दाबून, हाडाला हाड लावून, तो पूर्ण ताकदीनं बोलत होता.

“हाक मारली होतीस तू. मला ऐकू आली नाही. मी बहिरा आहे. माझ्यामुळे गेली बोटं.”

चिमट्याची धडपड थांबली. दोघांच्या मधून रक्त गळत होतं, कुणाचं ते सांगणं कठीण.

“ओरडतोस कशाला,” तो म्हणाला. “ऐकू येतंय.”

आम्ही जोर लावून ओढत होतो. चिमट्यानं मोकळ्या पायानं माझ्या पोटात एक लाथ घातली आणि आपल्या दोन बोटांच्या हातानं तोफेची मान आणखी खाली ओढली.

“पुन्हा सांग,” तो म्हणाला.